शुबर्ट, तीनदा

माझ्या मावशीने चाळीस वर्षं पेटीवर साथ केली आहे. भजनी मंडळं, गाण्याच्या परीक्षा, मैत्रिणींच्या घरगुती बैठका. त्यामुळे व्हिएन्नाला जायचं ठरलं तेव्हा राजवाडे आणि चित्रसंग्रहालयांची यादी तिने नजरेखालून घातली आणि विचारलं, "आणि ऐकायचं काय?"

शोधताना एक तरुण पियानो ट्रिओ सापडला. पियानो, व्हायोलिन आणि व्हायोलिनचं थोरलं भावंड चेलो, तिघंही पंचविशीच्या आसपासचे. आम्ही असणार त्या चार दिवसांत त्यांच्या तीन मैफली होत्या, दोन व्हिएन्नात आणि एक जवळच्या आयझेनश्टाटला. पूर्वार्ध रोज वेगळा, पण उत्तरार्धात तिन्ही वेळा संगीतकार शुबर्टचा ई-फ्लॅट ट्रिओ, म्हणजे ई-फ्लॅट पट्टीतली, याच तीन वाद्यांसाठीची रचना. मी म्हटलं, एक ऐकू. मावशी म्हणाली, "तिन्ही. पहिल्या दिवशी माणूस चीज ऐकतो, गाणारा दुसऱ्या दिवशी दिसायला लागतो."

गुरुवार

सकाळी पोहोचलो. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, त्यामुळे धुकं इतकं की समोरच्या इमारतीचा दुसरा मजला गायब. थंडी आकड्यात फार नव्हती, पण ओली होती आणि बाहीतून आत शिरत होती. कोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटची गाडी होती. कागदी पुडा हातात धरला की आधी बोटं गरम होतात, मग पोट. मावशीचं मत: "रताळं आणि शिंगाडा यांचं लग्न लागलंय."

दुपारी कॉफी. मेलांज, म्हणजे इथली दुधाची कॉफी, मागितलं की कप येतो छोट्या तबकात, सोबत साध्या पाण्याचा ग्लास. ते पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं असतं, शहरभर नळाला तेच येतं. बाटल्या विकत घेऊ नका.

संध्याकाळची मैफल एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात होती. दीडशेक खुर्च्या, मंच जेमतेम वीतभर उंच. सुरुवात बीथोव्हेनच्या १८०८ च्या डी मेजर ट्रिओने. याला 'भुताचा ट्रिओ' म्हणतात. ते नाव बीथोव्हेनने दिलेलं नाही. त्याचा शिष्य चेर्नी याला त्यातला संथ भाग ऐकून हॅम्लेटच्या बापाचं भूत आठवलं, तिथून ते चिकटलं. त्या संथ भागात पियानो खालच्या सुरांवर थरथरत राहतो आणि वरती दोन तारवाद्यं जेमतेम श्वास घेतात. खिडकीबाहेर धुकं होतंच.

पण त्याआधी आमचा पराक्रम. पहिला भाग झपाट्यात संपला आणि त्या शांततेत मावशीच्या तोंडून खणखणीत "वा!" गेलं. दीडशे माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मात्र वळून हसून मान डोलावली. इथला रिवाज असा की रचना तीन-चार भागांची असली तरी टाळ्या अगदी शेवटीच. मावशीला हे पटलं नाही. "जागेवर दाद नाही द्यायची, मग वाजवणाऱ्याला कळणार कसं?" गंमत म्हणजे बीथोव्हेन-शुबर्टच्या काळात लोक भागाभागानंतर टाळ्या वाजवत, आवडलेला भाग पुन्हा वाजवायला लावत. म्हणजे मावशी चुकली नव्हती, दोनशे वर्षं उशिरा आली होती.

मध्यंतरानंतर शुबर्ट. पाऊण तासाच्या वरचं काम आहे हे, थकवणारं. दुसऱ्या भागात पियानो पावलं टाकल्यासारखा ठेका धरतो, एकसारखा, आणि त्यावर चेलो एक धून घेऊन येतो. ती ऐकल्यावर मावशीने माझा हात धरला. पुढे शेवटच्या भागात, सगळं नाचरं चाललेलं असताना, तीच धून अचानक परत येते. शुबर्टने ठेवलेली ही खरी मेख. आणि तिथेच गडबड झाली. पियानोचं झाकण पूर्ण उघडं, खोली लहान, पियानोवाली जोशात. चेलोवाल्याचा हात हलताना दिसत होता, ऐकू निम्मंच येत होतं.

बाहेर पडताना मावशी म्हणाली, "मुलगी गुणी आहे. पण साथ करताना ऐकायचं असतं, ते विसरली."

मला वाटतं पियानो ट्रिओचं सगळं दुखणं या वाक्यात आहे. चार तारवाद्यांचा क्वार्टेट एका रंगाचा असतो, आवाज एकमेकांत विरघळतात. ट्रिओमध्ये तसं होत नाही. एकीकडे हातोडीने वाजणारं, आकाराने खोलीभर वाद्य, दुसरीकडे गजाने वाजणारी दोन. बीथोव्हेनच्या आधीच्या पिढीतल्या हायडनच्या काळात तर या रचना 'पियानोचे सोनाटा, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह' म्हणूनच छापल्या जात. चेलो बिचारा बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताची री ओढायचा. त्याला स्वतःचं बोलणं मिळालं बीथोव्हेन आणि शुबर्टकडून. पण तोवर पियानोही मोठे आणि दणकट होत चालले होते. त्यामुळे भांडण मिटलं नाहीच.

जाणाऱ्यांसाठी: कोट आणि मोठी पिशवी क्लोकरूममध्ये ठेवावीच लागते, सुट्टे युरो जवळ ठेवा. ट्रिओ ऐकायचा असेल तर मध्यापासून जरा डावीकडची खुर्ची घ्या. पियानोवरचे हातही दिसतात आणि चेलोवाल्याचा चेहराही. मुझीकफेराइनच्या प्रसिद्ध सोनेरी सभागृहात जायचं असेल आणि खिसा हलका असेल तर मागे उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं असतात. गुडघे शाबूत असतील तरच.

शुक्रवार

मैफल नव्हती, म्हणून शुबर्टचं जन्मघर. ३७ किंवा ३८ नंबरची ट्रॅम नुसडॉर्फर श्ट्रासेवरून जाते, घर क्रमांक ५४. आम्ही पोहोचलो एक वाजून पाच मिनिटांनी आणि दार बंद. ही छोटी संगीतकार-घरं दुपारी एक ते दोन जेवायला बंद असतात आणि सोमवारी पूर्ण बंद. पाटीवर लिहिलेलं होतं, मीच आधी वाचलं नव्हतं. मावशी काही बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त लागतं.

तो तास समोरच्या बेकरीत गेला. काउंटरवरच्या बाईंनी आमचे चेहरे बघूनच ओळखलं. हाताने घड्याळ दाखवून, दोन बोटं वर करून, त्यांनी गरम भोपळ्याचं सूप पुढे केलं. वर त्याच बियांचं गडद हिरवं तेल. हे तेल ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क भागाची खासियत आहे, चव भाजलेल्या तिळाच्या वळणाची. मावशीने पाव त्यातच बुडवून संपवला.

दोनला दार उघडलं. आत अंगण आणि अंगणाभोवती वरच्या मजल्यावर लाकडी कठड्याची गॅलरी. मावशी थबकलीच. "अगं, ही तर चाळ!" खरंच चाळ. ३१ जानेवारी १७९७ ला शुबर्ट इथे जन्मला तेव्हा या इमारतीत एक खोली आणि एक स्वयंपाकघर अशी बिऱ्हाडं दाटीवाटीने राहत होती. बाप शाळामास्तर. आत फार काही नाही आणि ते बरं आहे. काचेच्या पेटीत त्याचा चष्मा आहे, लहानसा, गोल. मी त्याच्यासमोर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

तिथून शहराच्या मध्यात, तुखलाउबेन रस्त्यावर. शुबर्टचा तो ई-फ्लॅट ट्रिओ याच रस्त्यावरच्या एका मोठ्या मैफलीत वाजला होता. २६ मार्च १८२८, म्हणजे बीथोव्हेन जाऊन बरोबर एक वर्ष झालेला दिवस. फक्त स्वतःच्या रचनांची अशी जाहीर मैफल शुबर्टला आयुष्यात एकदाच मिळाली. सभागृह भरलं, लोक खूश झाले. पण वर्तमानपत्रांचं लक्ष भलतीकडे होतं, कारण व्हायोलिनचा जादूगार पागानिनी व्हिएन्नात आला होता आणि तीनच दिवसांनी त्याचा पहिला कार्यक्रम होता. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला शुबर्ट गेला, एकतिसाव्या वर्षी. ती इमारत आता नाही. तिथे उभं राहून आम्ही दुकानांच्या काचा पाहिल्या आणि हॉटेलवर परतलो.

शनिवार

आयझेनश्टाट हे बुर्गेनलांड प्रांताच्या राजधानीचं गाव, व्हिएन्नाहून बसने तासाभरावर. हायडन १७६१ पासून इथल्या एस्टरहाझी सरदारांच्या पदरी होता. राजवाडा गावाच्या मानाने अवाढव्य, रंग ताकातल्या हळदीसारखा.

पण बघायची गोष्ट आहे ती टेकडीवरच्या बेर्गकिर्शेमध्ये, हायडनची समाधी. १८०९ मध्ये तो व्हिएन्नात वारला. मेंदूची 'प्रतिभा' कवटीच्या उंचवट्यांवरून कळते असं मानणारे काही महाभाग तेव्हा होते. त्यांनी कबर उकरवून डोकंच पळवलं. १८२० मध्ये देह आयझेनश्टाटला हलवायला काढला तेव्हा चोरी उघड झाली. सरदारसाहेबांनी मागणी केल्यावर चोरांनी भलतीच कवटी हातावर ठेवली आणि ती बिनबोभाट पुरली गेली. खरी कवटी हातोहाती फिरत व्हिएन्नाच्या संगीत-संस्थेकडे गेली आणि १९५४ मध्ये अखेर इथे आली. पण तोवर आत असलेली परकी कवटी कुणी बाहेर काढली नाही. त्यामुळे आज त्या समाधीत हायडन एक आणि डोकी दोन. मावशीने नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "दुसऱ्याचं नाव काय होतं गं?" कुणालाच माहीत नाही.

जेवायला बीन्स भरलेला खारा श्ट्रुडेल, इकडचा खास. शाकाहारी असाल तर "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणून थांबू नका. "ओने श्पेक" हेही म्हणा. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे इथे फोडणीतल्या मोहरीसारखे कुठेही असतात आणि सांगितल्याशिवाय कुणी ते मांसात मोजत नाही.

मैफल दुपारी चारला, राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर. आज पूर्वार्धात हायडनचा १७९५ चा जी मेजर ट्रिओ. त्याचा शेवट हंगेरियन जिप्सी वादकांच्या ढंगाचा आणि तो तिघांनी असा पळवला की खुर्च्यांखाली पाय हलायला लागले. पियानोचं झाकण आज बुटक्या काडीवर टेकवलेलं. आवाज आटोक्यात, पण जरा घोंगडीखालून आल्यासारखा.

मग शुबर्ट. पहिला भाग संपता संपता टण्ण असा आवाज आला. चेलोची सर्वात वरची तार तुटली होती. चेलोवाला वाकून नमस्कार करून आत गेला. व्हायोलिनवाली उठली आणि जर्मनमध्ये काहीतरी सांगायला लागली. लोक खो खो हसत होते. शेजारच्या बाईंनी आम्हाला कानात उलगडून सांगितलं, "ती म्हणते, या गावात सुटे भाग हरवायची जुनी परंपरा आहे."

पाचेक मिनिटांनी तो परतला. पुढचा भाग नेमका तोच, चेलोच्या धुनेचा. नवी तार म्हणजे काय ते मावशीला सांगायची गरज नव्हती. तंबोऱ्याला नवी तार लावली की ती उतरतच राहते. ती पुढे सरकून बसली.

आणि धून आली ती वेगळीच. परवा ती उजळ होती, आज सावळी. दाटलेल्या गळ्याने कुणी बोलावं तशी. काय बदललं ते कळेना. शेवटच्या भागात नवी तार टाळणं शक्य नव्हतं, तिथे ती उतरलेली ऐकू आली. दोन सुरांच्या मधे त्याची खुंट्यांशी झटापट चालू होती. मावशीने दोनदा डोळे मिटून घेतले. पण तो परतीचा क्षण पियानोवालीने मोकळा ठेवला. आज ती ऐकत होती. कदाचित त्याच्या काळजीपोटीच.

परतीच्या बस थांब्यावर अंधार, धुकं, आणि धुक्यात उभी चेलोची प्रचंड पांढरी पेटी. तिच्यामागे ते तिघं. मंचावर वाजवणारी माणसं बस पकडतात हे मला का कोण जाणे खरं वाटेना. मावशीने सरळ जाऊन चेलोवाल्याला हातवारे करून विचारलं: तार तुटली, मग ती धून कुठल्या तारेवर वाजवली? त्याचा चेहराच उजळला. बसमधला सगळा तास मी दुभाषी होते.

उत्तर असं. नवी तार दगा देणार हे माहीत असल्याने त्याने ती धून शेजारच्या खालच्या तारेवर, हात वर चढवून वाजवली. सूर तेच, पण जाड तारेचा आवाज सावळा. "भीतीने केलं," तो म्हणाला. "पण मला ते आवडलंय."

मग गप्पा सुटल्या. विमानात चेलोसाठी स्वतंत्र सीटचं तिकीट काढावं लागतं, तरी त्याला जेवण मिळत नाही. व्हायोलिन डोक्यावरच्या कप्प्यात मावतं, पण ते कुणी बॅगेने ठेचू नये म्हणून तिला झोप येत नाही. आणि पियानोवाली तर हात हलवत येते, प्रत्येक गावात वाट बघत असतो नवा पियानो. कुणाच्या पट्ट्या जड, कुणाचं पेडल कुरकुरणारं, आणि ओळख करून घ्यायला तासभर. मावशी म्हणाली, "म्हणजे हिला रोज नवं सासर." याचं इंग्रजी करायला मला तीन थांबे लागले. केल्यावर पियानोवाली इतकी हसली की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

मावशीने आणखी एक विचारलं, पेटीवाली म्हणून. पियानोचे सूर तर पेटीसारखेच ठोकून बसवलेले, हलत नाहीत. मग तारवाल्यांचं काय होतं? व्हायोलिनवाली म्हणाली, सगळा तह तिथेच आहे. दोघंच वाजवताना सूर आपल्या कानाने लावायचे, पियानो आला की त्याच्याकडे थोडं सरकायचं. मग तिने बो-झार ट्रिओचं उदाहरण दिलं. १९५५ ते २००८ इतकी वर्षं ते वाजवत राहिले, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे बदलत गेले, पियानोवर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मेनाहेम प्रेसलर. "घरमालक तो. आम्ही भाडेकरू," ती म्हणाली. पियानोवालीने तिला कोपर मारलं.

रविवार

मैफल सकाळी अकराची. मावशीने हलवून उठवलं, "साडेआठ वाजले, आवर." आवरलं, निघालो, दहाला दाराशी. दार लोटलेलं, आत चिटपाखरू नाही. मग मी फोन पाहिला. नऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, पहाटेच्या तीनचे दोन होतात. फोन आपोआप मागे गेला होता, मावशीचं मनगटावरचं घड्याळ नाही. या दिवसांत जाणार असाल तर लक्षात ठेवा. आणि रविवारी किराण्याची दुकानंही बहुतेक बंद असतात, फळं-दूध शनिवारीच घेऊन ठेवा. रेल्वे स्टेशनातली काही उघडी असतात.

दोन तास काय करायचं म्हणून जिन्यावर बसलो आणि वरून आवाज यायला लागला. ते तिघं आत होते. फक्त ती परतीची जागा, शेवटच्या भागातली, पुन्हा पुन्हा. आधी पियानोशिवाय. मग पियानो, पण फक्त डावा हात. मग काहीतरी ओढल्याचा आवाज, खुर्ची की मंचाची फळी. पुन्हा तीच जागा. आठ वेळा तरी ऐकली असेल. मधे बोलणं, एकदा आवाज चढलेला, मग हसणं. मावशी भिंतीला डोकं टेकून ऐकत होती. तालमीतलं गाणं मैफलीत ऐकू येत नाही, पण असतं, असं काहीसं ती पुटपुटली.

अकराला बीथोव्हेनने पहिला क्रमांक देऊन छापलेल्या तीन ट्रिओंच्या संचातला सी मायनर ट्रिओ, १७९५ चा. तो म्हाताऱ्या हायडनने ऐकला आणि हा तिसरा छापू नकोस असा सल्ला दिला. बीथोव्हेनला तोच सर्वात आवडता, त्यामुळे म्हाताऱ्याला मत्सर वाटला असा त्याने अर्थ काढला. काल ज्याच्या समाधीला नमस्कार केला त्याच्याबद्दल हे ऐकून मावशी नाराज झाली. वाजला मात्र छान, रागीट, कोवळा.

आणि शुबर्ट, तिसऱ्यांदा. पियानोचं झाकण पुन्हा पूर्ण उघडं, पण पियानो हातभर मागे आणि चेलो पुढे एका फळीवर. सकाळी ओढलेली ती फळी. आज चारही तारा ठाकठीक होत्या, एव्हाना नवीही स्थिरावली असणार. तरी दुसऱ्या भागात त्याचा हात वर चढला आणि धून आली ती सावळ्या तारेवरूनच. काल भीतीने, आज आपखुशीने. मावशी काही बोलली नाही. शेवटच्या भागात, नाचऱ्या गर्दीतून ती परत आली तेव्हा पियानोवाली वाजवत होती, भरपूर वाजवत होती, पण तिची मान चेलोकडे वळलेली होती आणि एकूण एक सूर ऐकू आला. शेजारच्या खुर्चीवर दोन बोटांनी मांडीवर ठेका. दाद नाही, आवाज नाही. शिकली होती इथला रिवाज.

दुपारी ७१ नंबरच्या ट्रॅमने मध्यवर्ती दफनभूमीत गेलो. बीथोव्हेन आणि शुबर्ट शेजारी शेजारी आहेत, ब्राम्सही जवळच. भाग ३२-अ विचारा, कुणीही सांगतं. ओली पानं, दोन पेटत्या मेणबत्त्या. थंडीने दहा मिनिटांत पळ काढला.

परतीच्या विमानात मावशीने कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर ती धून सरगममध्ये उतरवायला घेतली. सुरुवात झटपट झाली, कोमल गंधार, कोमल धैवत. "किरवाणी म्हणावं तर म्हणवत नाही," असं काहीतरी चाललं होतं. मग पेन थांबलं. धून पुढे जाते तिथे तिचा आधारस्वरच सरकतो. "इथे सा बदलला की गं यांनी मधेच. मग पुढचं लिहू कुठल्या सा वरून?"

मला सांगता आलं नाही. तीन ओळी लिहून झाल्यात, चौथीच्या सुरुवातीला तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. काल फोन आला होता. अजून पेटीवर बसून तीच जागा शोधतेय.